एकोणतीस फेब्रुवारीची आत्या

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी मेलेली माणसं जमवायचं काम चालतं. जमवणारे सभासद अकरा. त्यातले नऊ नेमाने येतात, एक चहापुरता आणि एक भांडणापुरता. खोलीत एक लांब टेबल, दोन कपाटं, लहर लागली तर चालणारा स्कॅनर आणि भिंतभर चिकटवलेला कागद. त्या कागदावर आसपासच्या सगळ्या घराण्यांच्या वंशावळी चौकटी-चौकटींनी पसरलेल्या.

या भिंतीवर राज्य पुरावाबाईंचं. त्यांना खरं नाव होतं, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतंच उरलेलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत तेहतीस वर्षं काढलेली, त्यामुळे माणूस समोर उभा असला तरी दाखला पाहिल्याशिवाय त्याच्या असण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय. मंडळाचे बारा नियम त्यांनीच लिहिलेले. पहिलाच असा, की दोन कागद दाखवल्याशिवाय भिंतीवर नाव चढणार नाही. एक सभासद एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "अहो बाई, माझी सख्खी आई आहे ती!"

"ते तुम्हाला माहीत आहे," पुरावाबाई म्हणाल्या, "भिंतीला कुठं माहीत आहे?"

अशा बाईंच्या पोटात नऊ वर्षं एक गुपित होतं, आणि ते आता छापखान्याकडे निघालं होतं.

मंडळाचं पहिलं पुस्तक तयार झालं होतं. सोमवारी छपाई. त्याआधी शनिवारी चार वाजता पुरावाबाईंनी शेवटच्या प्रुफावर सही करायची. सही म्हणजे हमी, की यातलं प्रत्येक माणूस खरोखर होऊन गेलेलं आहे. आणि पान बेचाळीसवर एक बाई अशी होती, जी झालीही नव्हती आणि गेलीही नव्हती.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांपूर्वी औषधवाल्यांनी पुरावाबाईंच्या घराण्याची वंशावळ जशीच्या तशी उतरवून घेतली. औषधवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. डॉक्टरांचं अक्षर लागतं म्हणून जगातली सगळी जुनी कागदपत्रं आपल्यालाच लागतात, असं मानणारे. डोळे फोडले बाईंनी आणि सभेत छाती फुगवून वाचून दाखवलं यांनी. बाई तिथं काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी आपल्या वंशावळीत आजोबांच्या पाठीवर एक धाकटी बहीण रचून काढली. वडिलांची आत्या. घड्याळं दुरुस्त करायची, डावखुरी, लग्न केलं नाही. जन्म २९ फेब्रुवारी १९०३.

१९०३ साली फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपला होता, हे शाळकरी पोरालाही कळावं. म्हणजे जो गुपचूप उतरवेल तो चोर आणि जो विचारील तो शहाणा. औषधवाल्यांनी ती उतरवली की भर सभेत त्यांचा कान धरायचा आणि आत्याला परत घरी न्यायचं, एवढाच बेत होता.

औषधवाल्यांनी आत्या उतरवली. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या आई गेल्या. माणूस डोळे पुसत बसलेला असताना त्याची चोरी काढायची कशी? एक शनिवार गेला, मग महिना गेला, मग सांगायचीच लाज वाटायला लागली.

आत्या मात्र गप्प बसली नाही. औषधवाल्यांच्या एका चुलत पणजोबांच्या शेजारची बायकोची चौकट रिकामी होती, तिथं त्यांनी आत्याला बसवलं. "शेवटी मन बदललं असेल," म्हणाले. मंडळातल्या हेडमास्तरांनी तिच्यावर एक परिच्छेद लिहिला; चार वर्षांतून एकदाच वाढदिवस आल्यामुळे तिच्या स्वभावात कसा संयम आला, वगैरे. फोटो स्टुडिओवाल्यांनी भंगारातून एक जुना फोटो शोधून आणला. टेबलाशी बसलेली बाई, डोळ्याला भिंग. पुढे कुणीतरी तिला मुलगा जोडून दिला. आणि हे सगळं नियमात! पहिला कागद पुरावाबाईंची वंशावळ, दुसरा कागद औषधवाल्यांनी त्याच वंशावळीची केलेली नक्कल. पुरावाबाईंकडे कागद मागायची कुणाची छाती नव्हती.

पान बेचाळीस असं भरलं. बाईंनी मनाशी म्हटलं, एक बाई जास्त झाली तर जगाचं काय अडतंय? करून टाकू सही.

त्याच शनिवारी सकाळी अकरा वाजता खोलीत घड्याळवाली आली. चाळिशीची, बोटांच्या टोकांना तेलाचा वास, बोलता बोलता समोरच्याच्या मनगटाकडे बघायची सवय. पुस्तकातली आत्या ही तिच्या आजोबांची आई, म्हणजे तिची पणजी लागत होती.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. "आमचं दुकान छत्र्याबॅगांचं. थोरला दादा मला तिथं घड्याळाचं टेबल टाकू देत नव्हता. म्हणायचा, आपल्या घरातल्या बायका घड्याळ बघतात, उघडत नाहीत. तुमची वंशावळ नेऊन त्याच्यापुढं ठेवली. चूप झाला! दर्शनी कोपरा दिला मला. आज बोर्ड रंगवून घेतेय, 'चौथी पिढी' म्हणून."

"वा," पुरावाबाई म्हणाल्या. एवढं लहान वाक्य त्यांच्या तोंडून कचेरी सोडल्यापासून निघालं नव्हतं.

"फक्त एक बारीकशी शंका. पणजीची जन्मतारीख. तारीख दाखवणारी घड्याळं जुळवते ना मी, त्यामुळे लीप वर्षं तोंडपाठ. १९०३ ला एकोणतीस तारीख नव्हतीच. लिहिताना चुकलं असेल. खरी काय आहे तेवढं चार वाजेपर्यंत बघून ठेवा. पणजीची तारीख चुकीची छापली जायला नको."

ती गेली. नऊ वर्षं मांडून ठेवलेल्या पिंजऱ्यात शेवटी कुणीतरी सापडलं होतं, आणि सापडली होती ती सगळ्यांत सरळ बाई.

दुपारी जेवताना पुरावाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. आत्याचा जन्म त्याच्यादेखतच, याच टेबलावर झालेला.

"मोठी झाली की गं पोरगी," तो म्हणाला. "नवरा, मुलगा, आता पणती. आपल्याला साधं बोलावलं नाही लग्नाला."

"थट्टा सुचतेय तुम्हाला. मी एक तारीख बदलली की झालं. अठ्ठावीस करते. कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग काय, कर." त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "इतकी वर्षं ती बनावट होती, पण खोटी नव्हती. बघणाऱ्याला कळेल अशी खूण ठेवली होतीस तू. ती खूण पुसलीस की मात्र खोटी झाली. गाडी चुकीच्या गल्लीत घातली ना, तर उलटी काढावी लागते. माझी पण एकदा काढली होती मी, चाळीस माणसं खिडकीतून बघत होती. मेलो नाही."

पुरावाबाईंनी ताट तसंच ठेवलं आणि माळ्यावरची पेटी काढली.

चार वाजता सगळे जमले. चहापुरता आणि भांडणापुरता, दोघंही. घड्याळवाली कोपऱ्यात स्टुलावर. औषधवाल्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "करा बाई सही. तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"पान बेचाळीस काढून टाका," पुरावाबाई म्हणाल्या. "ती बाई मी रचली आहे."

कुणाला काही समजेना. बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. का रचली, कुणासाठी रचली, आणि मग का बोलल्या नाहीत. बोलताना त्या औषधवाल्यांकडे बघत होत्या, घड्याळवालीकडे नाही.

औषधवाले आधी लाल झाले, मग पांढरे पडले. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. "नियम सातवा!" ते म्हणाले. "एकदा चढलेलं नाव दोन कागदांशिवाय उतरणार नाही. तुम्हीच लिहिलाय. ती नव्हती कशावरून? दाखवा कागद!"

खोलीत हशा उसळला. या वाक्याची सगळ्यांना किती वर्षं भूक होती, ते त्या हशावरून कळलं.

पुरावाबाईंनी पिशवीतून एक जुना लिफाफा काढला. मागच्या बाजूला त्यांच्या हस्ताक्षरात आत्याची सगळी कुंडली, आणि वर तारीख घालून शीर्षक: 'औषधवाल्यांसाठी'.

"हा एक," औषधवाले पडलेल्या आवाजात म्हणाले. "दुसरा?"

"१९०३ चं कॅलेंडर. याच खोलीतल्या कपाटात आहे, वरून तिसऱ्या खणात. नऊ वर्षांत कुणी उघडलं नाही."

हेडमास्तरांनी खोकला काढला आणि संयमाचा परिच्छेद हळूच हाताखाली सरकवला. स्टुडिओवाले पुटपुटले, "मग फोटोतली बाई कोण?" औषधवाल्यांचं दुःख वेगळंच. "म्हणजे आमचे चुलत पणजोबा पुन्हा बिनलग्नाचे?"

"कागद आणा," पुरावाबाई म्हणाल्या, "लगेच लावून देते लग्न." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि यापुढे तपासणीला दुसरं माणूस बघा. ज्याच्याकडे कुणी कागद मागत नाही, त्याने ती खुर्ची अडवू नये."

मग त्या कोपऱ्याकडे वळल्या. घड्याळवाली भिंतीकडे बघत होती. तिच्या आजोबांची चौकट होती, ती खरी. तिच्या वरची आता रिकामी होणार होती.

"मला शंका आली होती," ती म्हणाली. "तारखेची नाही. आपल्याआधी कुणीतरी होतं, हे इतकं सोपं कसं, याची. घड्याळसुद्धा पहिल्यांदा उघडल्या उघडल्या चालू झालं ना, की मी पुन्हा बंद करून बघते." ती स्टुलावरून उठली. "दादाला कोण सांगणार?"

"मी सांगते," पुरावाबाई म्हणाल्या. "आत्ताच चला."

छत्र्याबॅगांचं दुकान दोन रस्ते पलीकडे. बाहेर पेंटर शिडीवर चढून बोर्डावरच्या 'चौथी'च्या अक्षरांना सावली काढत होता. आत दादा एका गिऱ्हाइकाला बॅगेची चेन मिटून उघडून दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत पुरावाबाई ताटकळत उभ्या राहिल्या आणि मग एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या. अशी बाई नव्हती. मी रचली. चूक माझी, हिची काही नाही.

दादाने बॅग खाली ठेवली.

"काय सांगताय?" तो म्हणाला. "अहो, मी पाहिलंय तिला."

"कुणाला?"

"पणजीला! चार वर्षांचा असेन मी. खिडकीशी बसायची, डोळ्याला भिंग लावून. मी एक काटा पळवला म्हणून कान पिळला होता माझा. डाव्या हाताने. डावखुरी होती ना ती! गिऱ्हाइकांना रोज सांगतोय मी."

पुरावाबाईंनी घड्याळवालीकडे पाहिलं. घड्याळवालीने डोळे मिटून घेतले होते.

"कागद आहे?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"हा काय," दादाने कान पुढे केला.

"हा एक झाला. दुसरा?"

दादाने क्षणभर विचार केला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली. "दोन्ही पिळले होते."

घड्याळवालीला हसू आवरेना. डोळे पुसत ती बाहेर गेली आणि शिडी हलवून म्हणाली, "अहो, खाली बघा! 'चौथी' पुसा, 'पहिली' लिहा. दादाचे कान घरचे आहेत, ते पुराव्यात धरत नाहीत."