मुक्या हौसाची हाळी

मालिकेत मी मुकी आहे. डोक्यावर कळशी घेऊन नायिकेच्या मागून चालायचं, ती हसली की हसायचं, ती रडली की डोळे पुसायचे. माझ्या पात्राचं नाव हौसा. ही हौसा जन्माची मुकी नव्हती, हे आधीच सांगते, कारण माझं डोकं तिथूनच फिरलंय.

साताऱ्याजवळच्या एका खेड्यात आमचं शूटिंग चालायचं. ऑडिशनला मी आमची तासगावकडची भाषा बोलले आणि नायिकेच्या मैत्रिणीचं, चांगलं भरपूर संवादांचं काम मिळालं. नायिका तुळसा म्हणजे इरा. मुंबईत वाढलेली, दिसायला देखणी. पण ‘आहे’चं आमचं ‘हाय’ म्हणायची तर कुणाला तरी हात हलवल्यासारखी. आमचे दिग्दर्शक निनाद सर यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “क्रांती, इराचा आवाज तू दे. फक्त बाहेर कुणाला बोलायचं नाही हं.”

साताऱ्यात एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, मी तुळसा बोलले. काय आनंद झाला होता मला! आणि मग कळलं, हौसाचे सगळे संवाद कापलेत. एकाच आवाजाच्या दोघी एका मालिकेत कशा चालतील? लेखकानं लिहून टाकलं की तापात हौसाची वाचा गेली. म्हणजे भाषा येईना इराला, आणि मुकी झाले मी! तोंड माझं, त्याला आवाज नाही. आवाज माझा, त्याला तोंड दुसरीचं.

आमच्या गावात मालिका घरोघरी बघतात. लोक माझ्या वडिलांना वाटेत गाठायचे. “बाळासो, पोरगी बोलत का न्हाई रं? तिकडं जाऊन मुकी झाली का काय?” आबा हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन भरल्या ताटावरून उठायचे. आई फोनवर सांगायची. ‘तुळसा बोलती अगदी तुझ्यावानी,’ असंही म्हणायची, पण पडद्यावर तोंड हलायचं इराचं. मी खरं बोलले असते तर काम गेलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तुळसा गाजली ती तिच्या हाळीनं, रानातल्या त्या लांब हाकेनं. लेखकानं कागदावर लिहिलं होतं, ‘बाबा, जेवायला या.’ रानात असं कोण हाक मारतं? आबा द्राक्षबागेच्या त्या टोकाला छाटणी करत असायचे आणि मी या टोकावरून हाळी द्यायचे. आबांचा नियम एकच: रानात हाळी आली की आधी ‘ओ’ द्यायची, कारण मागनं विचारायचं. एखाद्याला पान लागलं, म्हणजे साप चावला असेल, मोटरीचा शॉक बसला असेल. मी माइकसमोर डोळे मिटले आणि आबांनाच हाळी दिली. लोकांनी ती मोबाईलची रिंगटोन केली. इरानं मुलाखतीत सांगितलं, “मी गावात राहून, बायकांमध्ये बसून ही हाळी शिकले.” शिकली म्हणे! अशानं अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

आणि आमच्याच गावच्या यात्रा कमिटीनं सत्काराला इराला बोलावलं. फेटा, शाल, नारळ, आणि वर आग्रह, ताईंनी हाळी द्यायचीच. निनाद सरांनी मला स्टेजच्या पडद्यामागे द्राक्षाच्या क्रेटवर बसवलं, हातात माइक दिला. “तुझंच गाव आहे, तुला अवघड नाही जाणार,” म्हणाले. मला तो माइक त्यांच्या टाळक्यात घालावासा वाटला. पण बसले. पोटासाठी बसले, आणि त्याचीच जास्त चीड आली.

पुढे इरानं हात तोंडाशी नेला. मागून मी हाळी दिली.

“आबाऽऽऽ! या वंऽऽ, भाकरी आणलीयाऽऽ!”

आणि माणसांच्या गर्दीतून ओ आली.

“ओऽऽऽ! आलो गं क्रांते!”

आबा उभे राहिले होते. सवयीनं. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. आबा हसले नाहीत. ते तरातरा चालत निघाले, इराकडे न बघता, आवाज आला तिकडे. निनाद सर आडवे आले. “काका, कार्यक्रमाचा भाग आहे तो. बसा तुम्ही.”

“लेकीनं हाळी दिलीया. बसू कसा?”

त्यांनी पडदा बाजूला केला. मी क्रेटवर, माइक हातात. सर माझ्या कानाशी पुटपुटले, “रेकॉर्डिंग आहे म्हणून सांग त्यांना. काम हवंय ना?”

आबांनी विचारलं, “ही तू हायस व्हय? कवापासनं?”

“पहिल्या भागापासनं, आबा. ती बोलते ते समदं मीच बोलते.”

आबांनी सरांकडे पाहिलं. “मग हिला मुकी कुणी केली?”

आबा मला म्हणाले, “ऊठ. म्होरं जाऊन दे.”

मी स्टेजवर गेले. इरा बाजूला झाली. ती तरी काय करणार होती? मी पुन्हा हाळी दिली आणि सगळ्या गावानं ओ दिली. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं. ही ओ इतके दिवस दुसरीला मिळत होती.

काम अर्थातच गेलं. आता तुळसा वेगळ्याच आवाजात बोलते, ‘बाबा’ म्हणते. हौसाचं शेवटचं शूटिंग मात्र करारापायी मला करावं लागलं. तिला विहिरीत ढकलली. मी सरांना म्हणाले, मरताना माणूस ओरडतं तरी. ते म्हणाले, “हौसा मुकी आहे, क्रांती.”

तो भाग लागला तेव्हा मी घरीच होते. आबांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर हौसा काठावरून गेली, हात हलले, तोंड उघडलं, पाणी मिटलं. आबांनी टीव्ही बंद केला.

मग म्हणाले, “हाळी तरी द्यायचीस गं. मी आलो असतो.”