कोरड्या फडक्याने पुसावे

मिस्त्रींनी सुनेची भाषा शिकायला घेतली तेव्हा त्यांना एकोणसाठावं लागलं होतं. का शिकताय, असं कोणी विचारलं की ते "हौस" एवढंच म्हणायचे.

ताईंना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, ही हौस पटत नव्हती. मिस्त्रींची बायको गेल्यापासून घर ताईच चालवत होत्या आणि भावाला पुरतं ओळखून होत्या. "साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुझी वर्षभर आधीच निघाली," त्या म्हणाल्या. "आपल्या भाषेत तरी दिवसाला किती बोलतोस रे? मोजून अकरा वाक्यं. त्यातली चार लिफ्टशी."

आरोप खोटा नव्हता. मिस्त्री छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. एकोणतीस इमारतींची देखभाल त्यांच्याकडे होती. लिफ्ट बंद पडण्याआधी कुरकुरते आणि कान असलेल्याला ती कुरकुर कळते, असं त्यांचं मत होतं. माणसांबद्दल त्यांचं असं काही मत नव्हतं.

हौसेचं खरं कारण एका व्हिडिओत होतं.

मुलाचं लग्न तीन वर्षांपूर्वी सुनेच्या गावी, परदेशात झालं. लग्नानंतर हॉटेलात जेवण होतं. जेवण अर्ध्यावर आलं असताना सुनेची आई, म्हणजे विहीणबाई, हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मिस्त्री उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा टेबलं आवरायला सुरुवात झाली होती. हॉटेलच्या लिफ्टची मोटर घरघरत होती, ती बघायला गेलो होतो, असं त्यांनी मुलाच्या कानात सांगितलं. मुलाने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना सांगितलं, की बाबांना बरं वाटत नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. प्रकरण मिटलं.

मिटलं असं मिस्त्रींना वाटलं होतं. मग एका रविवारी सून कपड्यांच्या घड्या घालता घालता तो व्हिडिओ बघत बसली. मिस्त्री शेजारी होते. पडद्यावर विहीणबाई उभ्या राहिल्या, त्यांनी कागद उलगडला.

"काय म्हणताहेत?" मिस्त्रींनी सहज विचारलं.

"हे? हे तुम्हालाच आहे, बाबा," सून म्हणाली. त्यांना ठाऊक असेल असं तिला वाटलं होतं. "आई म्हणते, हिला वडील नाहीत. घरात काही मोडलं की ही त्यांना हाक मारायची. आजपासून ती हाक तुम्हाला येईल, तेव्हा ओ द्या." तिने टॉवेलची घडी घातली. "तुम्हाला त्या दिवशी बरं नव्हतं ना."

पडद्यावर विहीणबाई एका रिकाम्या खुर्चीकडे बघून वाचत होत्या. व्हिडिओच्या कोपऱ्यात आकडे पळत होते. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

सात महिन्यांनी विहीणबाई बारा दिवस राहायला येणार होत्या. तेव्हा माफी मागायची, हे मिस्त्रींनी त्याच रविवारी ठरवलं. मुलाला मध्ये घालता आलं असतं, पण मुलाने एकदा त्यांच्या वतीने बोलून बघितलंच होतं. आणि दुसऱ्याच्या तोंडून मागितली की ती माफी कसली, तो निरोप झाला.

सुरुवात त्यांनी शब्दकोशापासून केली. पहिलं पान, रोज वीस शब्द. यंत्र उघडताना पहिला बोल्ट आधी, या न्यायाने. पाच आठवड्यांत पहिल्या अक्षराचे शब्द संपले. त्यांना आता त्या भाषेत 'मठ', 'बंडखोर', 'लाज' आणि 'खारवलेला मासा' म्हणता येत होतं. 'मी' आणि 'तुम्ही' यांची अक्षरं अजून कोसभर लांब होती. शब्दकोश कपाटात गेला.

मग फोनवरचा अभ्यासक्रम. त्यात बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या. सहा आठवडे घरात टाळ्या वाजत राहिल्या. शेवटी ताई म्हणाल्या, "एवढं कौतुक तुझ्या लग्नात झालं नव्हतं." एका सकाळी मिस्त्रींनी त्या देशाचं रेडिओ केंद्र लावलं. दहा मिनिटांत त्यांना एक शब्द कळला, आणि तो गावाचं नाव निघाला. सहा आठवड्यांत आपण टाळ्या मिळवायला शिकलो, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

तिसरा मार्ग त्यांच्या कामाच्या जागीच होता. त्यांच्याकडच्या निम्म्या लिफ्ट त्याच देशातून आलेल्या. प्रत्येक मशीनरूमच्या लोखंडी कपाटात एक जाड माहितीपुस्तक. डाव्या रकान्यात ती भाषा, उजव्या रकान्यात आपली. छत्तीस वर्षांत डावीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता उजवा रकाना पुठ्ठ्याने झाकून ते डावा वाचू लागले. कोणत्या पानावर काय म्हटलंय ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, म्हणून अर्थ शोधावा लागेना. ब्रेक कुठे, दोर कुठे, दार कुठे, शब्द आपणहून ओळख देऊ लागले. मशीनरूममध्ये ते मोठ्याने वाचायचे, फोनवर ध्वनिमुद्रण करायचे, डबा खाताना स्वतःचंच ऐकायचे. देखभालीच्या नोंदवहीसारखी एक वही केली आणि तिच्यात तेच तीन रकाने आखले: बिघाड, कारण, उपाय. "बिघाड: 'उघडा' आणि 'उघडू नका' यांत गोंधळ. कारण: घाई. उपाय: शंभर वेळा."

घरात चिठ्ठ्या लागल्या. दारावर, खिडकीवर, खुर्च्यांवर.

"माझ्या कपाळावर काय चिकटवणार आहेस?" ताईंनी विचारलं.

"तुझ्यासाठी शब्द सापडला नाही अजून."

"सापडणारही नाही."

एका संध्याकाळी सुनेने सगळ्या चिठ्ठ्या सावकाश वाचल्या आणि हसत हसत जमिनीवरच बसली. दारावर लिहिलं होतं: प्रवाशांनी येथे टेकू नये. ताईंच्या खुर्चीवर: कमाल भार, एक व्यक्ती. न्हाणीघरावर: केवळ अधिकृत कर्मचाऱ्यांसाठी.

"बाबा, एकही चूक नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तुम्ही माणसासारखं नाही, पाटीसारखं बोलता."

मिस्त्री ओशाळले. चार महिने संपले होते. आता राहिलेल्या वेळात पाटीचा माणूस कसा करायचा?

"शब्द पुरेत. आता चुका," सून म्हणाली. "रोज माझ्याशी अर्धा तास. दहा चुका झाल्याशिवाय उठायचं नाही. मी इथे आले तेव्हा आत्यांशी तेच केलं."

"केलं म्हणजे!" ताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात मला विचारते, आत्या, तुम्हाला उकळू का? चहाचं विचारत होती बिचारी. मी म्हटलं, उकळ बाई, तुझंच घर आहे."

त्या दिवसापासून सून भाजी चिरताना मिस्त्री समोर बसून चुकू लागले. कोण आलं, कोण हसलं, काय विसरलं, असल्या साध्या गोष्टी. लिफ्टच्या पुस्तकात त्या नव्हत्या. दहा चुकांसाठी सुरुवातीला पाच मिनिटं पुरत. सहाव्या महिन्याअखेर अर्धा तास लागू लागला. माफीचं मात्र त्यांनी सुनेला सांगितलं नाही. ती वाक्यं मशीनरूममध्ये एकट्याने बसवली. एकूण पाच होती. मी आजारी नव्हतो. लिफ्टची मोटर आवाज करत होती. मी ती बघायला गेलो. हे चूक होतं. क्षमा करा.

विहीणबाई आल्या. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढलेल्या बाई. ताठ बसायच्या, बोलणाऱ्याकडे नीट बघायच्या. चिठ्ठ्या त्यांनी आल्याबरोबर वाचल्या. हसल्या नाहीत, पण टेकू नये लिहिलेल्या दारापासून हातभर अंतर ठेवून गेल्या.

तीन दिवस संधी मिळाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुलगा-सून कामाला गेली, ताई दाताच्या डॉक्टरकडे. मिस्त्रींनी रजा घेतली होती. विहीणबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. मिस्त्री समोर उभे राहिले.

"लक्ष द्या," त्यांनी त्या भाषेत सुरुवात केली, कारण पुस्तकात महत्त्वाच्या प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात तशीच होती. मग पाचही वाक्यं म्हणून टाकली.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "पुन्हा सांगा. सावकाश."

मिस्त्रींनी पुन्हा सांगितली. या वेळी विहीणबाईंना सगळं कळलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "लिफ्टला काय झालं होतं?"

हा प्रश्न मिस्त्रींच्या तयारीत नव्हता. समजायला मात्र अजिबात अवघड गेला नाही. हाच प्रश्न त्यांना एकोणतीस इमारतींत रोज विचारला जात होता. बेअरिंग गेलं होतं, म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर होता. पण छत्तीस वर्षांत त्यांनी लिफ्टमध्ये नसलेला बिघाड नोंदवहीत कधी लिहिला नव्हता.

हॉटेलच्या मशीनरूमला त्या दिवशी कुलूप होतं. मोटर कुठल्याही मोटरसारखी चालत होती. ते वीस-पंचवीस मिनिटं जिन्यात उभे होते.

"बिघाड नाही," मिस्त्री म्हणाले. "लिफ्ट चांगली." मग पाठ केलेलं काही उरलं नाही आणि ते चुकत बोलू लागले. "मला कळत नाही. एक शब्द नाही. सगळे हसतात, मग मी हसतो. उशिरा. तुम्ही उभ्या, वाचता, माझ्याकडे बघता. मला लाज. मी पळतो. जिन्यात उभा."

'लाज' पहिल्या अक्षराचा शब्द. शब्दकोशाचे पाच आठवडे अगदीच पाण्यात गेले नव्हते.

मग विहीणबाई बोलल्या, आणि भराभर बोलल्या. मिस्त्रींच्या हाती चार शब्द लागले: मी, पाणी, स्वच्छ, पुन्हा.

"पुन्हा सांगा. सावकाश," ते म्हणाले.

त्यांनी सावकाश सांगितलं. त्याच चार शब्दांत 'तीन दिवस' एवढीच भर पडली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि गालाला हात लावलेल्या ताई आत आल्या. विहीणबाई कप घेऊन उठल्या.

सुनेला विचारलं असतं तर तिने अर्थ लगेच सांगितला असता. मिस्त्रींनी विचारलं नाही. दुपारी वही उघडून त्यांनी पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्यावर पेन टेकवून ठेवलं आणि उचललं. माफी मिळाली की नाही, त्यांना माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळे टेबलाशीच बसले होते. मुलगा ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करत होता. साहेब बंद माइकवर अर्धा तास भाषण ठोकत होते आणि समोरचे सगळे मन लावून माना डोलवत होते. ताई दात विसरून हसत होत्या. सून आईला ते तिच्या भाषेत सांगत सांगत मधेच इतकी हसली, की सांगायचं राहूनच गेलं. विहीणबाई हसल्या. सगळ्यांनंतर, एक क्षण उशिरा.

मिस्त्रींना ते ऐकू आलं. मोटर पूर्ण वेगात असते, खोलीतल्या कोणाला काही जाणवत नाही, आणि आत कुठेतरी चाकाचा एक दाता चुकतो, तसं.

विहीणबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला.

"अगं बाई, काय धुताहेत त्या?" ताई म्हणाल्या. "ग्लास तर मी मघाशीच धुऊन ठेवले. बोलाव गं आईला तुझ्या. लग्नाच्या वेळी त्यांच्या घरी उतरलो होतो तेव्हाही तीन दिवस हेच चाललं होतं, आपण गप्पांना बसलो की बसून म्हणून राहायच्या नाहीत."

मी. पाणी. स्वच्छ. पुन्हा. तीन दिवस.

सून उठायला लागली. "बस तू," मिस्त्री म्हणाले. "मी बघतो."

विहीणबाई नळाखाली स्वच्छ ग्लास धरून उभ्या होत्या. पाच धुऊन ओट्यावर उपडे ठेवले होते. मिस्त्रींनी खुंटीवरचा टॉवेल काढला, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि पान एक्केचाळीस, नियंत्रण पेटीची निगा, जसंच्या तसं म्हटलं: "पाणी वापरू नये. स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसावे."

विहीणबाईंनी वळून बघितलं. मग नळ बंद केला आणि ओट्याला धरून हसल्या. या वेळी उशीर झाला नाही.

मिस्त्री पहिला ग्लास पुसू लागले. विहीणबाईंनी त्यावर बोट ठेवून एक शब्द उच्चारला. लिफ्टच्या पुस्तकात ग्लास नसतो. मिस्त्रींनी तो शब्द म्हणून बघितला. चुकला. विहीणबाईंनी पुन्हा सांगितला.

"बाबा!" बाहेरून सुनेची हाक आली. "काही मोडलं का?"

"ओ," मिस्त्री म्हणाले. पुढचं त्यांनी तिच्या भाषेत सांगितलं. "काही मोडलं नाही. सगळं ठीक आहे."

आणि त्यांनी दुसरा ग्लास उचलला.