बाभळीची मूठ

शकूनं पातं ऐरणीवर ठेवून हातोडा उचलला, तोवर रंग उतरू लागला होता. भट्टीतून निघताना जास्वंदीसारखं फुललेलं लोखंड पहिल्या घावाला विटकरी झालं, दुसऱ्याला काळवंडलं, आणि तिसऱ्याला त्याचा आवाजच बदलला.

"थांब! रंग गेल्यावर काय मारून राहिली? थंड्या लोखंडानं तुझं काय बिघडवलं?"

डोमाजी स्टुलावर बसल्या बसल्या ओरडले. ऐरणीसमोर उभं राहणाऱ्या कोणालाही ते अरे-तुरेच करत. मग तो सदरमधल्या हॉटेलचा मालक असो, की दीक्षितपुऱ्याहून ऑटोनं येणारी सत्तावन्न वर्षांची बाई.

"आजोबा, आराम से. आंटी नवीन आहे ना," त्यांची नात मोना भात्याच्या दांड्यावरून म्हणाली.

"लोखंडाले आराम समजत नाही."

शकूनं पातं पुन्हा निखाऱ्यांत सारलं आणि पदरानं घाम टिपला. पदराआड ती हसत होती. किती महिन्यांनी तिच्यावर कोणीतरी ओरडलं होतं.

शेड सदरच्या मागच्या गल्लीत होती. डोमाजी फॅक्टरीच्या लोहारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी घरामागे पत्रे टाकून ही भट्टी मांडली. आठवडाभर ते हॉटेलांसाठी सुऱ्या नि सत्तूर करत. रविवारी शिकवायचं, ही मोनाची कल्पना. तिनं फोनवर जाहिरात टाकली, पाच जण आले, हाताला फोड आल्यावर चार गेले. उरली शकू.

दारावर पोतं टाकून आत भर दुपारी अंधार केलेला असे. "उजेडात लोखंड खोटं बोलते," डोमाजी म्हणत, "रंग पाहाचा तर अंधारात." त्या अंधारात पत्र्याच्या भोकांमधून उन्हाचे कवडसे उतरत, धुरात तरंगत राहत, आणि शकूला वाटे आपण कुठल्यातरी डोहाच्या तळाशी उभ्या आहोत. वर कुठेतरी जग चाललंय, ऑटोचे हॉर्न वाजतायत. इथे फक्त एक लाल फूल उमलतंय नि मावळतंय. हातोड्याची लय तिच्या हातात हळूहळू उतरत होती. दोन घाव पात्यावर, एक हलका ऐरणीवर, दम घ्यायला. त्या लयीला आईची एक ओवी नेमकी बसायची. शकू ती ओठांतल्या ओठांत म्हणायची:

भांडण बाई भांडण, दारातली बाभूळ,
काट्याआड लपलं गं पिवळं पिवळं फूल.

शकू नि तिचा नवरा तुळशीराम यांची भांडणं एके काळी दीक्षितपुऱ्यात प्रसिद्ध होती. भाजीत मीठ, दाराची कडी, नागपूरच्या नणंदेचा फोन, पंख्याचा वेग, काहीही पुरे. समोरच्या घरातले लोक तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज कमी करत. दोघंही वऱ्हाडातून या हिंदी मुलखात आलेल्या घरांतली. तो हिंदीत सुरू करायचा, राग चढला की मराठीत यायचा, आणि मराठीत आला की शकूला कळायचं, आता हा मनापासून भांडतोय. मग अर्ध्या तासानं तोच चहा टाकायचा.

मागच्या वर्षी शकूचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. नागपूरला बावीस दिवस. डॉक्टरांनी तुळशीरामला बाहेर नेऊन सांगितलं, यांना त्रास होईल असं काही बोलू नका. तुळशीरामनं ते असं ऐकलं, जसं देवासमोर काही कबूल करावं. घरी आल्यावर त्यानं विळी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. प्लास्टिकच्या मुठीचा, दातऱ्या पात्याचा चाकू आणून तो स्वतःच भाजी चिरू लागला. बोटाएवढे कांदे, मुठीएवढे बटाटे. शकू काही म्हणाली की "बरं." काही मागितलं की "आणतो." दिवाळीत डॉक्टर म्हणाले, आता विसरून जा ऑपरेशन झालं होतं म्हणून. शकू विसरली. तो नाही विसरला.

एकदा तिनं मुद्दाम वरणात दुप्पट मीठ घातलं. तुळशीरामनं पहिला घास घेतला, थोडा वेळ ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान झालं." मग दोन तांबे पाणी प्याला.

त्या रात्री शकूच्या मनात आलं, हा आपल्याशी पाहुणीसारखं बोलतो. आणि पाहुणी कधीतरी जायचीच असते.

म्हणून मोनाची जाहिरात दिसल्यावर ती जेवताना म्हणाली होती, "मी चाकू बनवायले शिकून राहिली. लोहाराकडे. घण मारायचा." आणि वाट पाहिली होती. आता तरी, आता तरी.

"बरं," तुळशीराम म्हणाला होता. "ऑटोनं जाशील. पाण्याची बाटली ने."

चौथ्या रविवारी पात्याला आकार आला. टोक थोडं उजवीकडे कललेलं, पण पातं खरंच पात्यासारखं. आज ते तापवून, बुडवून कडक करायचं होतं. शकू सकाळीच ग्वारीघाटला जाऊन आली, आणि येताना मोठ्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून आणलं. पहिलंवहिलं पातं. त्याची सुरुवात मैयाच्या पाण्यानं व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं. कोपऱ्यातल्या रिकाम्या बादलीत तिनं ते ओतून ठेवलं.

"रंग आला की चुंबक लावून पाह्य," डोमाजी म्हणाले. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक तारेला बांधलेलं होतं. "चुंबक चिकटलं नाही की समज, झालं. त्या रंगावर लोखंड कोणालेच ओळखत नाही." आणि ते तेलाचा डबा चुलीवर कोमट करायला मागे गेले.

शकूनं चुंबक नेलं. पात्यानं ते ओळखलं नाही. ते इतकं लाल, इतकं आपल्यातच हरवलेलं होतं, की तिला क्षणभर सांडशी लावावीशीही वाटली नाही. मग तिनं पातं उचललं आणि डोमाजींना हाक मारायच्या ऐवजी बादलीत सोडलं.

वाफ उसळली. त्या वाफेतून एक बारीकसा आवाज आला, काकण पिचल्यासारखा.

डोमाजी आले. त्यांनी पातं कवडशात धरलं. पाठीपासून धारेपर्यंत केसाएवढी एक रेघ गेली होती. त्यांनी बादलीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"ग्वारीघाटचं?"

"हो."

"मैयाचं पाणी पेयाले चांगलं हाय. ह्याले तेल लागते, ते बी कोमट. असं एकदम गार झालं की आतून तडकते."

एवढं म्हणून ते स्टुलावर जाऊन बसले. शकू उभीच राहिली.

"तुम्ही रागावले काहून नाही?"

"काय रागावू? चार रविवार तुझेच गेले."

"पण रागवा ना, दादा."

भाता थांबला. डोमाजींनी मान वर करून शकूकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ते उठले, पातं ऐरणीच्या काठावर आडवं धरलं आणि हातोड्याचा एकच घाव घातला. दोन तुकडे. तुटलेल्या जागी करडी, चमचमती कणी, साखरेच्या खड्यासारखी.

"ह्या बाईले अक्कल हाय काय, मोना?" ते भिंती हादरतील असे ओरडले. "तेल गरम करतो म्हणून गेलो ना मी? कान घरी ठेवून आली काय? उचल तो कमानीचा पाटा, धर पुन्हा!"

"जी," शकू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर ती दारातली बाभूळ.

कोपऱ्यात ट्रकच्या जुन्या कमान्या पडल्या होत्या. त्यातल्याच एकीतून दुसरं पातं निघायला अजून पाच रविवार लागले. या वेळी तेल होतं. पातं बुडताच एक पिवळी ज्योत उठली नि निमाली. कानस त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. शकूनं पातं पुसलं आणि नकळत पदरात गुंडाळलं.

"हे काय करून राहिली?"

"तुम्हीच म्हणाले ना, आता हे काचेसारखं आहे. पडलं की गेलं."

"मग पदरात ठेवून काय होते? जपून ठेवाचं असंल तर मूर्ती घडव. हे कामाचं हाय. आण इकडं, ऊब दे त्याले थोडी."

तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर पातं पाठीवर उभं केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाठीकडून एक फिका रंग निघाला आणि धारेकडे चढू लागला, भेडाघाटच्या संगमरवरी खडकांवर सकाळचं ऊन चढावं तसा, कोणाला न विचारता. गव्हाच्या काडीचा रंग. शकू श्वास धरून पाहत राहिली.

"बस," डोमाजी म्हणाले. "आता पडलं तरी तुटणार नाही. आपटलं तरी नाही. मूठ कशाची लावते?"

मोनानं लाकडाचे तुकडे पुढे केले. शकूनं पिशवीतून अर्धं लाटणं काढलं. हातांनी झिजून तांबूस झालेली बाभूळ.

"माझ्या सासूबाईंचं. पार्वताबाईंचं. आमच्या भांडणात मोडलं, पंचवीस वर्षं झाली."

"कोणाच्या डोक्यात?" मोनानं विचारलं.

"दाराच्या चौकटीवर."

"नेम चुकला काय?" डोमाजी म्हणाले.

"नाही. बरोबर लागला."

लाटण्याच्या त्या अर्ध्याचे उभे दोन भाग करून, पात्याला दोन बाजूंनी लावून, पितळेच्या खिळ्यांनी ठोकले. घासताना शकूचा हात एका बाजूला जास्त गेला आणि मूठ जराशी वाकडी झाली. डोमाजींनी ती दोनदा फिरवून पाहिली. मग त्यांनी सुरी ऐरणीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

"घे उचलून. हातात देत नाही मी. सुरी, मीठ, मिरची हातात दिली की भांडण लागते म्हणे. मी विहारात जाणारा माणूस, मानत नाही असलं काही. पण मायनं लावलेली सवय हाय, सुटत नाही."

"आमच्या घरी बी असंच," शकू म्हणाली. "सासूबाई लय पाळायच्या. हे तर अजून पाळतात."

ती सुरीकडे बराच वेळ पाहत राहिली. मोनाला वाटलं, आंटीला आवडली नाही.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तुळशीराम स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दुधी चिरत होता. दातऱ्या चाकूनं दुधी चिरला जात नव्हता, कुरतडला जात होता. खिडकी उघडी होती. समोरच्या घरातून बातम्या ऐकू येत होत्या.

"आली? चहा टाकू?" तो म्हणाला. "की पडते थोडी?"

शकू त्याच्यासमोर बसली. पिशवीतून सुरी काढली, पात्याची पाठ दोन बोटांत धरली आणि मूठ त्याच्याकडे करून हात पुढे केला.

"बनली," ती म्हणाली.

"अरे वा." त्यानं हातातला चाकू बाजूला ठेवला आणि सवयीनं तळव्यानं समोरची फरशी थोपटली. ठेव इथे.

शकूनं ठेवली नाही.

तुळशीरामनं पुन्हा फरशी थोपटली, जरा हळू. मग वर पाहिलं. शकूचा हात तसाच होता. त्या हाताला आता घण उचलायची सवय होती.

"आई म्हणायची..." तो म्हणाला.

"काय म्हणायच्या?"

काय म्हणायची ते दोघांनाही ठाऊक होतं. कुकरची एक शिटी झाली. समोर बातम्या संपून जाहिरात लागली.

"हातातच घ्या," शकू म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला, नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदाच इतका वेळ. तिच्या बोटांवरचे घट्टे त्यानं पाहिले, कपाळावरची काजळी पाहिली. मग त्यानं हात पुढे केला, आणि मूठ तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.

त्यानं दुधीचा एक काप काढला. सुरी आवाज न करता आरपार गेली. दुसरा काप. चकती पातळ, उजेड पलीकडून दिसेल अशी. शकू उठून गॅसकडे वळली आणि पाठ करून उभी राहिली. तिला त्याचा चेहरा पाहायचा नव्हता.

मागे आणखी दोन चकत्या पडल्या. मग तो खाकरला.

"मूठ वाकडी आहे."

शकूनं गॅसची चावी धरली. गॅस चालूच होता.

"काय वाकडी?" ती वळली नाही. "डोळे वाकडे असतील तुमचे. चष्मा कधी बदलला?"

"चष्म्याचं काय घेऊन बसली? वाकडी म्हणजे वाकडी. अन् थांब, थांब." मागे दुधी गडगडत गेल्याचा आवाज. "हे आईचं लाटणं आहे! कोणाले विचारून कापलं तू?"

"मोडलेलं होतं ते!"

"मोडलं कोणी होतं?"

"मोडायची पाळी कोणी आणली होती? सहा माणसं जेवायले घेऊन आले, न सांगता, संक्रांतीच्या दिवशी!"

"चार होते!"

"सहा!"

"चार! अन् मीठ! मी छान म्हटलं त्या वरणात मीठ किती होतं, माहीत आहे तुले? महिने झाले, अजून जीभ..."

समोरच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.