तांदळाच्या मडक्यामागचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावरचा गुलाब गंजाने खाल्ला आहे, तरी एक पाकळी अजून ओळखू येते. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गोवा मुक्त झाला त्या सुमारास कोरगावच्या शिवदासाने मला म्हापशाच्या बाजारातून घरी आणले. बिस्किटे संपली तरी त्याची बायको देवकी मला पदराने पुसून पाहुण्यांसमोर ठेवायची. "किती सोबीत डबो हा," असे शेजारणी म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

ते दिवस थोडेच टिकले. पुढे देवकीने माझ्यात धुमट्या भरल्या. धुमटी म्हणजे फणसाच्या पानात तंबाखू वळून केलेली जाड विडी. आमच्याकडच्या बायका ती उलटी ओढायच्या, पेटते टोक तोंडात धरून. मग निखारा दिसत नसे, आणि घरच्या पुरुषांना कळले तरी दिसले नाही म्हणता येई. माझी रवानगी तांदळाच्या मडक्यामागे झाली. मला काढताना देवकी आधी दाराकडे बघायची. असे चोरून कोणी हातात घेतले की फार लाज वाटते, मित्रांनो.

मग सून आली, सुलोचना. सासू काजूच्या बागेत गेली की तीही मडक्यामागे हात घालू लागली. धुमट्या कमी दिसल्या की देवकी उंदरांना शिव्या द्यायची. मला हसू यायचे आणि मग हसल्याचीही लाज वाटायची.

अशात डॉक्टरांचे एक पथक गावात घरोघर फिरू लागले. टाळूचा कर्करोग इतर ठिकाणी क्वचितच आढळतो. उलटी धुमटी ओढणाऱ्या इथल्या बायकांत तो किती आहे, हे त्यांना पाहायचे होते. पथक आमच्या घरी आले, तेव्हा ओसरीवर शिवदास बसलेला.

"आमच्या घरात कोण धुमटी ओढणा नाय," देवकी म्हणाली. तिच्या टाळूला तेव्हाच जखम होती. पेज गिळतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचे.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळ्याच घरांनी नाही म्हटले, तर गावात हा रोग नाही असेच आम्ही समजणार. मग पुन्हा तपासायला कोणी येणार नाही."

देवकी पाणी आणायच्या निमित्ताने आत आली. पाहते तर सून मला पदराखाली घेऊन मागच्या दाराने निघालेली. घाबरून ती मला परसात पुरणार होती.

"तूय?" एवढेच देवकीने विचारले. सुलोचनाने मान खाली घातली.

देवकीने मला तिच्या हातून काढून घेतले आणि भर ओसरीवर, नवऱ्यासमोर, उघडून ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बाय, मी खोटा बोललंय. धुमटी आमी दोघीय ओढतंव. माजा ऱ्हवांदे, पयली ह्या पोरीची टाळू बघा."

शिवदासाने तोंड फिरवले. पथकामागोमाग कुंपणापाशी जमलेल्या शेजारणी पांगल्या, पण संध्याकाळपर्यंत त्यांतल्या काहीजणी पथकाला शोधत गेल्या.

सुलोचनाची टाळू नुसती पांढुरकी झाली होती. धुमटी सोडल्यावर ती निवळली. देवकीला मुंबईला नेले, पण फार उशीर झाला होता. ती परत आली नाही.

पुष्कळ वर्षांनी पथक पुन्हा आले, तेव्हा धुमटी ओढणाऱ्या तरण्या बायका गावात फारशा उरल्या नव्हत्या. आता मी खिडकीत असतो आणि माझ्यात सुलोचनाच्या नातीची बटणे असतात. झाकण उघडले की अजून तंबाखूचा वास येतो आणि मी ओशाळतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात मडक्यामागे असा एखादा डबा असेल. त्याला उजेडात आणा. पण तो ज्या बाईचा असेल, तिला हसू नका. देवकीला रोगापेक्षा लोकांच्या हसण्याचेच भय होते.