इटलीला करंट येत नाही

माझ्या सासरी एक जुनी मोटारसायकल आहे, तिला सगळं गाव 'इटली' म्हणतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी नवसारीच्या एका पारशाकडून ती आणली. टाकीवर इटालियन अक्षरं, किक डाव्या बाजूला, गिअर उजव्या पायाला, सगळाच उलटा कारभार. सासूबाईंसाठी आबांनी कधी स्वतःहून लुगडं आणल्याचं कुणाला आठवत नाही, पण इटलीची सीट दर दसऱ्याला नवी शिवून यायची. या गाडीवर बसून माझा नवरा कुंदन वरातीत मिरवला. मी उंबरठा ओलांडला आणि थोड्याच दिवसांत इटली बंद पडली.

शहाद्याहून मिस्त्री आला. त्याने प्लग बदलला, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. गाडी ढिम्म. मिस्त्रीला पेट्रोलचा संशय, आबांना मिस्त्रीचा संशय. त्याने अस्सल इटालियन सामान काढून घेतलं आणि राजकोटचं बसवलं, असं ते पारावर सांगत सुटले. आणि सासूबाईंना, म्हणजे कमलबाईंना, माझा संशय. त्या मला काही म्हणत नसत. चुलीपाशी बसून भाकरीशी बोलत.

"मी काहीच बोलत नही. पन लगीन व्हयनं, ही घरमा ऊनी, नि गाडी बंद पडनी. लोक बोलतस."

लोक काही बोलत नव्हते. बोलायला लागले ते त्यांचं ऐकून.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, तळोद्याला गेले. लग्नानंतरची पहिली आखाजी. मैत्रिणी आलेल्या, झोके, गाणी, मी सासर विसरूनच गेले होते. परत आल्यावर कळलं. मी नव्हते तेव्हा इटली सुरू झाली होती. आबा तिच्यावरून प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन संगमावर अंघोळ करून आले होते. आणि मी आल्यावर ती पुन्हा मुकी झाली.

आता भाकरीशी बोलायची गरज राहिली नाही. कमलबाई सरळ कुंदनशी बोलल्या, मी समोर ताट वाढत असताना. "इले थोडा महिना माहेरले ऱ्हाऊ दे. देखूत काय व्हस ते."

थोडे महिने म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणालाही विचारा. माझ्या आत्येबहिणीला असंच थोड्या महिन्यांसाठी पाठवलं होतं, तिचा मुलगा आता आजोळहूनच शाळेत जातो. कुंदन वरणात भाकरी कुस्करत राहिला.

खरं सांगते, एक-दोन दिवस मलाही वाटलं की असेल बाई माझ्यातच काही. गाडीजवळून जाताना मी पदर सावरून भिंतीला चिकटून जायचे. मग मलाच माझा राग आला. माझे वडील, भाईदासनाना, तळोद्याला जीपगाड्यांची वायरिंग करतात. धडगावचा घाट चढून उतरून ज्या गाड्यांचे स्टार्टर आणि डायनामो खिळखिळे होतात, त्या नानांच्या दारात येतात. दुकान घराला लागूनच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की टेस्टिंगचा दिवा धरायला मीच असायचे. नानांचं एक म्हणणं होतं, वायरीवर भरवसा ठेवायचा नाही, दिवा लावून बघायचं. आणि मी इथे पायगुणावर भरवसा ठेवून बसले होते.

मी विचार करू लागले. करंटला सून कळत नाही. मी घरात असते तेव्हा गाडी बंद, नसते तेव्हा सुरू. म्हणजे मी असताना कुणीतरी काहीतरी करतं. कोण? आबा नक्की नाही, ते तिच्या टाकीवर माशी बसू देत नाहीत. कुंदन? त्याला मी नको आहे का? हा विचार आला तशी मी त्याच्याकडे चोरून बघायला लागले. तो ओसरीवरून गेला की मी दारामागे. तो गाडीला हात लावतो का, किती वेळ थांबतो, कुणीकडे बघतो. लग्नाला वर्ष नाही आणि मी नवऱ्यावर पाळत ठेवत होते. पण तो गाडीकडे फिरकतही नव्हता.

कमलबाई मात्र फिरकायच्या. शनिवारी सकाळी, मी न्हाणीत गेले की. मी कवाडाच्या फटीतून बघितलं. त्या गाडीच्या पुढे वाकल्या, हेडलाइटच्या मागे हात घातला, काहीतरी काढलं, काहीतरी ठेवलं, आणि पदराला हात पुसत आत आल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, म्हातारी वायर तोडते आणि नाव माझं घेते.

त्याच दिवशी दुपारी आबा आणि कुंदन शेतात, कमलबाई परसात पापड वाळत घालत होत्या. मी पेटीतला पाना घेतला. प्लग काढला, त्याच्या वायरीच्या टोपीत घालून इंजिनाला टेकवला आणि डाव्या पायाने किक मारली. ठिणगी नाही. या गाडीला इंजिन बंद करायचं एक बटण आहे. त्याची वायर लोखंडाला टेकली की करंट मरतो, बंद करायची रीतच ती. बटण खराब होऊन सतत टेकलेलं असेल तर? मी ती वायर इंजिनापाशी सोडवली आणि पुन्हा किक मारली. निळी, टणक ठिणगी. मला रडू आलं. वायर परत जोडली आणि बोटाने चाचपत वर वर गेले, हँडलपर्यंत, हेडलाइटच्या मागे.

तिथे एक लिंबू होतं. खाली मिरच्या, वर काळा बिबा, सगळं बारीक लोखंडी तारेत ओवलेलं. दृष्टीचा तोडगा. दुकानावर, ट्रकवर दिसतो तसाच, फक्त हा लपवलेला. ज्या माणसाच्या नजरेची भीती त्याला तो दिसू नये म्हणून आत खुपसलेला, आणि पडू नये म्हणून तार करकचून आवळलेली. बटणाची वायर जुनी, तिचं कव्हर भुगा झालेलं. तार त्यातून आत घुसली होती आणि दुसरीकडून लोखंडाला टेकली होती.

सगळं एका क्षणात कळलं. मी घरात असले की माझ्या नजरेसाठी लिंबू बांधायचं. लिंबू बांधलं की गाडी बंद. मी माहेरी गेले की लिंबाची गरज नाही, म्हणून गाडी सुरू. म्हातारीने काही तोडलं नव्हतं. ती खरोखरच मला घाबरत होती. याचा मला जास्त राग आला की कीव, ते आजही ठरवता येत नाही.

मी तार सोडवली, वायरीला चिंधी गुंडाळली, प्लग बसवला आणि किक मारली. इटली दणक्यात सुरू झाली.

इथे माझी चूक झाली. आधी सगळ्यांना बोलावून ती तार दाखवायला हवी होती, मग गाडी सुरू करायची. आवाज ऐकून परसातून कमलबाई धावत आल्या, मागोमाग बैलगाडी फाटकात सोडून आबा आणि कुंदन. त्यांना दिसलं ते एवढंच, धडधडणारी गाडी, शेजारी मी, आणि माझ्या हातात लिंबू.

कमलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "जिनी गाडी बांधी तिनीच सोडी. आते तरी देखा."

मी सांगायला लागले. तार दाखवली, वायरीची चिंधी सोडून दाखवली. मी पुन्हा तार टेकवली, गाडी बंद. काढली, किक मारली, सुरू. कमलबाई दर वेळी एक पाऊल मागे गेल्या. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर गाडी बंद होते आणि सुरू होते, हे मी त्यांना स्वतः करून दाखवत होते. आबा माझ्या शेजारी वाकले. मला वाटलं, तार बघतायत. ते कान लावून ऐकत होते. "आवाज देख कुंदन," ते म्हणाले, "पयलाना आवाज शे."

कुंदनने मात्र तार हातात घेतली. बोटाने चाचपली, वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. मग त्याने आईकडे बघितलं.

"माय म्हनी ऱ्हायनी तं जाय थोडा दिन," तो मला म्हणाला. "मी लेवाले येसू."

दुसऱ्या दिवशी त्याने मला इटलीवरूनच सोडलं. मांडीवर माझी बॅग. दोन्ही बाजूंना पपईचे मळे, गाडी झकास पळत होती, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होते. कदाचित आईसमोर त्याची जीभ रेटली नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. माहेरी पोचल्यावर, नानांसमोर तरी तो बोलेल.

नाना दुकानात स्टार्टर उघडून बसले होते. माझी बॅग त्यांनी बघितली, पण आधी पाहुण्याचा मान. "या जवाईबापू. फायरिंग मस्त शे गाडीनी. कोनी करी?"

"मीच करी," कुंदन म्हणाला. "बटननी वायर बॉडीले टेकेल व्हती. शॉर्ट."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. वायर, बटण, शॉर्ट, सगळं बरोबर सांगितलं त्याने. फक्त ते आपल्या आईला सांगितलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता.

आईने त्याला चहाला आत बोलावलं. तो आत गेला तशी मी गाडीजवळ गेले आणि प्लगची टोपी ओढून जरा सैल करून ठेवली. दिसायला जागच्या जागी, पण टेकलेली नाही.

चहा पिऊन तो आला, बसला, किक मारली. पुन्हा मारली. मग उतरला, पेट्रोलचा कॉक बघितला, पुन्हा बसला. त्याच्या मानेवर घाम आला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी त्याची आई बघते तसं. या वेळी मी नजर वळवली नाही. या वेळी त्याचा संशय खरा होता.

नाना पाना घेऊन उठायला लागले.

"बठा नाना," मी म्हटलं. "त्यासले दुरुस्त करता येस."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग बॅगकडे, मग त्याच्याकडे. पाना खाली ठेवला आणि ते परत बसले. मी बॅग उचलून घरात गेले. बाहेर बराच वेळ किकचा आवाज येत होता.