आपल्या गावची सुकडी

सुमनबाईनं महादेवीच्या डोक्यावरची मुरमाची पाटी ओढली आणि तलावाच्या खड्ड्यात भिरकावून दिली.

“जा आपल्या मुलखात! हितं आमची लेकरं उपाशी मरायलीत आन् तुमी आयत्या बिळावर नागोबा!”

महादेवी सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. नवरा शिवप्पा आणि आणखी काही माणसांबरोबर ती उमरग्याकडच्या या दुष्काळी कामावर आली होती. मागेल त्याला काम द्यायचं असा सरकारी हुकूम, त्यामुळे मुकादमानं गाव विचारलं नाही. दुपारी कामावर पोटाला मिळणाऱ्या सरकारी सुकडीच्या रांगेतही कुणी काही विचारलं नाही. गळ्यातलं लिंग बघून, आपल्यातलीच म्हणून, गावातल्या लिंगायत चांगुणाबाईनंच सरकून तिला आपल्यामागं जागा दिली होती. रांग लांबली, आणि सुमनबाईच्या वस्तीची पाळी आली की नेमकं पिंप तळाला जाऊ लागलं. बौद्ध दीक्षा घेऊन एक पिढी होत आली, तरी वस्तीची जागा शेवटालाच होती. सुमनबाईची लेक रोज रिकामी ताटली घेऊन परतत होती.

त्यात आज सकाळी सोसायटीचे चेअरमन तात्याराव स्वतः वस्तीच्या तोंडाशी आले. एरवी ‘ए’ म्हणून हाक मारणारा हा माणूस.

“सुमनबाई, गाव आपलं, तलाव आपला. भायेरच्यांनी आपल्या तोंडचा घास का पळवावा? आपुन सगळे एक झालो तरच भागंल.”

‘आपुन’ हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. त्याच जोरावर ती थेट महादेवीवर चालून गेली होती.

“अक्का, तिकडं बी पानी न्हाय,” महादेवी मोडक्या मराठीत म्हणाली.

“मग आमी काय करावं?”

शिवप्पानं कुदळ खांद्यावर टाकली. भांडण न करता ती सगळी कानडी माणसं उघड्या माळावरून निघून गेली. मागं उभ्या गावकऱ्यांतल्या कुणीतरी शिट्टी मारली. सुमनबाईला ती शिट्टी आवडली.

दुपारी सुकडी आली. सुमनबाई लेकीचा हात धरून सरळ चांगुणाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली.

चांगुणाबाईनं पदर आवरला.

“ए, हितं कुठं? तुमची रांग तिकडं.”

“तात्या म्हनले, आपुन सगळे एक.”

“व्हय की, गाव एकच हाय. म्हून काय शिवाशिव करायची? सर मागं.”

सुमनबाईनं तात्यारावांकडं पाहिलं. ते मुकादमाशी पावसापाण्याचं बोलत होते, ऐकूनही न ऐकल्यासारखे. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिथंच त्यांचा पाणउतारा करावा असं तिला वाटलं, पण लेक भुकेनं तिच्या लुगड्याला झोंबत होती. ती मुकाट्यानं शेवटाला गेली.

आज सुकडी तिच्यापर्यंत पोचली. चांगली वाटीभर मिळाली. लेक मटामटा खाऊ लागली.

“बघ, पुरली का न्हाय आज?” तात्याराव जाता जाता हसले, चार हात लांबूनच.

पुरली होती हे खरंच होतं. तिला त्याचीच जास्त चीड आली.

“उद्या ती कानडी परत आली तर हाकलायला तूच पायजेस बघ,” तात्याराव म्हणाले.

सुमनबाईनं लेकीच्या ओठाला लागलेली सुकडी बोटानं पुसून तिच्याच तोंडात घातली.

“तुमीच हाकला, तात्या. आमची रांग लई मागं हाय. आमी हाकलायला येईपतूर ती दोन घास खाऊन घेतील.”