चाकावर पानी

"शाळा सोडलेल्याच्या हातात ब्रेक दिला की असंच होनार!" काळूराम काका मांडवात सगळ्यांसमोर ओरडला. "उद्या नवरी बसनार हाय त्या गाडीत. जाळतोस का तिला?"

"मी नाय केलं ते. भगीरथने केलं."

"भगीरथ तुझ्या जन्माच्या आधीपासून ब्रेक करतो."

"म्हनूनच! त्याला जुन्या ड्रम ब्रेकशिवाय काय म्हायती नाय."

काकाने हात उचलला. आई मधे आली नसती तर कानाखाली बसली असती.

नवरी म्हंजे माझी बहीन दिपिका. गाडी म्हंजे काकाची पांढरी अँबॅसेडर, भातसानगरला लिलावात घेतलेली, माझ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट म्हातारी. आमच्या बाजूच्या कितीतरी नवऱ्या तिच्यात बसून सासरी गेल्यात. पन चारी चाकांना ड्रम. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे पळते. गेल्या वर्षी किन्हवलीच्या रस्त्याला उतारावर मागे नवरी आनि पुढे म्हैस. काकाने ब्रेक मारला, गाडी गटारात. नवरीचं नाक फुटलं. काका अजून बोलतो, "म्हैस आडवी आली." म्हैस आडवी येनारच, काका. म्हैस हाय ती.

आनि त्याच गाडीतून दिपिका लग्नाला मुरबाडला जानार होती. मी बोललो, पुढच्या चाकांना नवीन पद्धतीचे डिस्क ब्रेक लावू. काका बोलला, नवीन सामान परवडत नाय. नवीन कोन मागतंय? नंतरच्या अँबॅसेडरना पुढे डिस्कच यायची. तीच आपल्या गाडीला बसते, मी हायवेवरच्या भंगारवाल्याकडे मापं घेऊन बघितलेलं. आठ दिवस त्याच्याकडे गाड्या खोलून दिल्या, बदल्यात डिस्कसकट पुढचं सगळं उचलून आनलं.

काका मला हात लावू देईना. गाडी मुरबाडला भगीरथच्या गॅरेजला नेली. मी त्याला तीनदा बोललो, "मास्टर सिलेंडरमधला वॉल काढ. ड्रमसाठी पायपात थोडं प्रेशर धरून ठेवतो तो. डिस्कला ठेवलास तर पाय काढला तरी पॅड डिस्कवरून सुटनारच नायत."

त्याने पाना खाली ठेवला. "कितवी शिकलास रे?"

"नववी."

"मग चहा सांग दोन."

त्याची पोरं हसली. काकापन हसला. ते मला जास्त लागलं.

काल सकाळी गाडी घरी आली. आमच्यात नवरीची गाडी दारात आली की चाकावर पानी घालतात, मग नारळ फोडतात. आईने पुढच्या चाकावर तांब्या ओतला. छन्न! चाकातून वाफ आली. बायका मागे सरल्या. "अपशकुन झाला गो," कोनतरी बोलली. अपशकुन कसला, पॅड घासून डिस्क तापलेली. पन काकाने लगेच भगीरथला फोन लावला. तो बोलला, भंगारातला माल हाय, परत ड्रमच टाकू. म्हंजे वॉल ठेवला त्याने आनि नाव माझं खराब. तिथूनच ते भांडन पेटलं.

मी जॅक लावला, चाक उचललं. "काका, फिरव."

फिरेना.

मग मी चाकाजवळचा हवा काढायचा ब्लीडिंगचा नट जरासा ढिला केला. तेल पिचकन उडालं. "आता फिरव."

गरगर फिरलं.

"बघ! प्रेशर आत कोंडलंय. वॉल हाय तो."

काकाने चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आनि बोलला, "भगीरथला विचारतो."

माझ्या हातात पाना होता. फेकला असता. तेवढ्यात दिपिका हळदीच्या अंगाने बाहेर आली. "काका, ऋतिकला करू दे. नायतर मी एसटीने जाते."

"येडी झालीस काय गो? हळदीची नवरी एसटीत?"

"मग करू दे."

काका बाजूला झाला. मी सिलेंडर उतरवला, खोलला. टोकाला रबर लावलेला वॉल, बोटाच्या पेरापेक्षा बारका. काढून खिशात टाकला. मागच्या ड्रमचे ॲडजस्टर घट्ट केले, म्हंजे पायडल खाली जायला नको. नवीन ब्रेक ऑइल भरलं. पायपातली हवा काढायला पायडल मारायला कोनतरी पायजे, पन माझ्याबरोबर कोन उभं राहीना. दिपिकाच बसली. "दाब. धर. सोड." पायडल पिवळं झालं. आई बोंबलत होती, नवरीचे पाय बघा!

आज सकाळी काका स्वतः गाडी आटगावपर्यंत फिरवून आला. सगळे दारात जमले. आईने पानी घातलं.

पानी नुसतं खाली ठिबकलं.

काकाने वाकून चाकावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मला वाटलं आता तरी बोलेल. त्याने मोबाईल काढला. "भगीरथ? ब्रेक झ्याक लागतात रे. सरळ थांबते गाडी. मानलं तुला."

मानलं तुला!

मी खिशातला वॉल काढून त्याच्या समोर बॉनेटवर आपटला. "हा बघ तुझा भगीरथ."

"काय हे?"

"जे त्याने काढायला पायजे होतं ते."

काकाने वॉल उचलला, उलटासुलटा केला आनि सदऱ्याच्या खिशात टाकला. फोन चालूच होता. भगीरथ तिकडून हॅलो हॅलो करत होता. काकाने फोन तसाच कापला आनि गाडीत जाऊन बसला.

पन मी सोडनार नाय. मुरबाडला मांडवात भगीरथला आवतन हाय, तिथं सगळ्यांसमोर तो वॉल काकाच्या खिशातून काढायला लावतो आनि विचारतो, कितवी शिकलास रे—

हॉर्न वाजतोय. दिपिका काचेतून ओरडतेय, पुढे बस, भांडन तिकडे कर. मला निघायला पायजे आता.